मालकाची नजर आणि मनाची साक्ष

काही दिवसांपूर्वी युवकांच्या एका मेळाव्यात एका तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, मी घरून काम करतो. दिवसाचे काम पुष्कळदा दुपारीच आटोपते. पण संगणक थोडा वेळ स्तब्ध राहिला की कार्यालयात माझ्या नावापुढे 'गैरहजर' अशी खूण उमटते. म्हणून माऊस आपोआप हलवणारे एक छोटे यंत्र मी आणले आहे. यात पाप आहे का?" सभागृहात हशा पिकला, परंतु विचारणारा हसत नव्हता. आम्ही त्यावेळी थोडक्यात उत्तर दिले. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि रोज पहाटे विरार-वसईहून चर्चगेटची लोकल पकडणारी कितीतरी माणसे घरच्या मेजाशी येऊन बसली. पुढे अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ किंवा आठवड्यातील काही दिवस परत बोलावले. तथापि घरून काम करण्याची पद्धत टिकून राहिली. कर्मचारी नजरेआड झाल्यावर मालकांच्या मनात शंका आली आणि त्या शंकेतून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची मागणी वाढली.

हे सॉफ्टवेअर संगणकात बसवले की कीबोर्डवरील बटणे किती वेळा दाबली गेली, माऊस किती वेळ हलला, कोणती संकेतस्थळे उघडली याची नोंद ठेवते. काही प्रकारांत ठरावीक अंतराने पडद्याचे छायाचित्र घेतले जाते, तर कोठे कॅमेराही चालू ठेवावा लागतो. या नोंदींवरून कर्मचारी 'कार्यरत' की 'निष्क्रिय' हे ठरते. गोची येथेच आहे. एखादा अवघड करारनामा अर्धा तास एकाग्रतेने वाचणारा मनुष्य या यंत्राच्या लेखी आळशी ठरतो आणि निरर्थक अक्षरे बडवणारा मेहनती ठरतो. यंत्राला हाताची हालचाल मोजता येते. कामाचा कस कळत नाही.

परिणामी दोन्ही बाजूंनी लपंडाव सुरू झाला. २०२४ साली अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने कीबोर्डवर काम चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली केलेल्या पाहणीत आपण उत्तम काम करतो असे ८७ टक्के कर्मचारी सांगत होते. आपला चमू उत्तम काम करतो असा पूर्ण विश्वास मात्र १२ टक्केच वरिष्ठांना वाटत होता. ही दरी अविश्वासाची आहे आणि ती कोणत्याही यंत्राने भरून निघणारी नाही.

कायदाही या प्रश्नाकडे वळला आहे. नेदरलँड्समधील एका कर्मचाऱ्याने दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास नकार दिला म्हणून त्याला कामावरून काढण्यात आले. २०२२ साली तेथील न्यायालयाने हा खाजगी जीवनाच्या हक्कावरील घाला मानला आणि त्याला भरपाई देवविली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही संमत झाला. मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती स्वतंत्र संमतीशिवाय वापरण्याची मुभा त्या कायद्यात आहे. म्हणूनच कायद्याच्या बरोबरीने सदसद्विवेकाचा विचार अगत्याचा ठरतो.

ख्रिस्तसभेने श्रमिकांच्या प्रश्नावर १८९१ पासून सातत्याने बोलणे केले आहे. पोप लिओ तेरावे यांच्या 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्राने त्याचा प्रारंभ झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' मध्ये श्रमाचे मोल ते करणाऱ्या व्यक्तीवरून ठरते, असे प्रतिपादन केले. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'अन्तिक्वा एत नोव्हा' या दस्तऐवजात नवे तंत्रज्ञान कामगारांवर स्वयंचलित पाळत लादू शकते, असा स्पष्ट इशारा आहे. त्याच वर्षी निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना लिओ तेरावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे आव्हान या दोहोंचा उल्लेख केला, हे आपल्या स्मरणात असेलच.

परंतु मालकाला बोल लावून आपली सुटका होत नाही. संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्या काळच्या दासांना तोंडदेखल्या चाकरीविषयी सावध केले आहे. धनी पाहत असतानाच राबायचे आणि पाठ फिरताच हात आखडायचा, ही वृत्ती त्याला मान्य नाही. लागलीच तो धन्यांनाही बजावतो की, तुम्ही न्यायाने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे.

एकांतात काम करण्याची कठीण कसोटी वाळवंटातील तपस्व्यांनी सोळा शतकांपूर्वीच अनुभवली. चौथ्या शतकातील इव्हाग्रियस याने कोठडीत एकटा बसलेल्या संन्याशाचे वर्णन केले आहे. त्याला दिवस सरता सरत नाही, तो पुन्हा पुन्हा सूर्य कोठवर आला ते पाहतो, कोणी बंधू भेटीस येतो का म्हणून डोकावतो आणि त्याला हातातील कामाचा वीट येतो. सूर्याच्या जागी मोबाईल ठेवला की हे चित्र आपलेच! इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनी (पादुआचे संत अंतोनी नव्हेत) यांनाही अशाच मरगळीने ग्रासले होते. तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता आणि पुन्हा बसून दोर वळू लागत होता. तो देवदूत होता. त्याने दाखवला तो केवळ दिनक्रम.

मग देखरेखच नको का? तसे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत श्रमाचे आणि वाचनाचे तास आखून दिले. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी फेरी मारून कोणी आळसात तर नाही ना, हे पाहावे असेही सांगितले. ही फेरी सर्वांना ठाऊक होती, ती मारणारा माणूस होता, चुकणाऱ्याला आधी समज दिली जाई आणि मठाधिपतीही त्याच नियमाने बांधलेला होता. लपून घेतलेल्या छायाचित्रात यांपैकी काहीच नसते.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. ते यंत्र त्याच्या वतीने 'मी मेजाशी आहे' असे सांगते आणि ते खोटे आहे. पगार वेळेचा मिळत असेल, तर काम आटोपल्याचे वरिष्ठांना कळवणे हाच सरळ मार्ग आहे. त्यात अधिक काम अंगावर पडण्याची भीती आहे, हे आम्ही जाणतो. पण रोजच्या लहानशा लबाडीने मनुष्य स्वतःच्या घरातच चोरट्यासारखा वावरू लागतो. अधिकारपदावर असलेल्या आमच्या वाचकांसही विनंती आहे. काय नोंदले जाते ते कर्मचाऱ्यास आधी सांगावे, घरातील लेकरे आणि वृद्ध ज्यात दिसतील तो कॅमेरा सक्तीने चालू ठेवायला लावू नये, झालेल्या कामावरून पारख करावी आणि आकड्यांवरून ठपका ठेवण्याआधी माणसाला विचारावे.

घरून काम करणाऱ्यांनी आरंभाची आणि समाप्तीची वेळ ठरवावी, शक्य तर बसण्याची जागा एकच ठेवावी, दुपारी आंजेलसच्या घंटेला क्षणभर थांबावे आणि रात्रीच्या आत्मपरीक्षणात 'आजची भाकर मी प्रामाणिकपणे मिळवली का?' हा प्रश्न जोडावा. श्रमिक संत योसेफ यांचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे या दिवशी नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराचे हात कोणी मोजत नव्हते आणि त्याच्या कामाविषयी शुभवर्तमानात एकही तक्रार नाही. त्याची मध्यस्थी आपल्या घराघरातील श्रमांना लाभो.