दहा पौंडांचे घर

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समधील अल्फ्रिस्टन गावात, चर्चच्या शेजारी, गवताने शाकारलेले एक लाकडी घर सुमारे सहाशे वर्षे उभे आहे. त्याचे नाव क्लर्जी हाउस. पाडले जाण्याच्या बेतात असलेले हे घर १८९६ साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने दहा पौंडांना विकत घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत.

या घराचा सगळा भार ओकच्या सांगाड्यावर आहे. भिंती केवळ आडोशापुरत्या. असे सांगाडे ओल्या ओकचे करत, कारण सुकलेला ओक हत्याराला दाद देत नाही. सुतार आपल्या आवारात खांब, तुळया आणि तिरके टेकू तासून जमिनीवरच जुळवून बघत, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरत आणि सगळे सुटे करून जागेवर नेत. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि आरपार लाकडी खुंटी ठोकायची. दोन्हींची भोके मुद्दाम किंचित चुकवलेली असत, त्यामुळे खुंटी आत शिरताना सांधा आवळला जाई. पुढे ओक सुकताना पिळवटतो. जुन्या घरांचा वाकडेपणा बराचसा त्यातूनच येतो.

खांबांमधल्या जागा कोकणातल्या कुडासारख्याच भरत: काठ्यांचे विणकाम, त्यावर माती, शेण आणि पेंढा यांचा लेप, वरून चुना.

आतली रचना त्या भागातल्या सधन शेतकऱ्यांच्या घरांची आहे. मधला मोठा दिवाणखाना थेट वाशांपर्यंत उघडा, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या आणि सगळ्यांवर मिळून एकच छप्पर. दिवाणखान्याच्या मध्यभागी उघडी आग पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. विटांची धुराडी अशा घरांत रुळली ती सोळाव्या शतकात. दिवाणखान्याची जमीन चुनखडी ठोकून, तिच्यावर आंबट दूध ओतून घट्ट केलेली आहे.

अशा घरांना वयापेक्षा चुकीच्या डागडुजीने जास्त ग्रासले. विसाव्या शतकात अनेकांना सिमेंटचा गिलावा झाला. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते आणि आतला ओक कुजतो. काळी लाकडे आणि पांढऱ्या भिंती हा आज 'अस्सल इंग्रजी' वाटणारा थाटही बराचसा व्हिक्टोरियन काळातला. त्याआधी पुष्कळ ठिकाणी ओक नुसताच राखाडी पडू देत.

सांगाडा खुंट्यांनी जोडलेला असल्याने कुजलेले लाकूड काढून तेवढाच नवा तुकडा जोडता येतो. लेप झडला तर पुन्हा लिंपता येतो, गवत पुन्हा शाकारता येते. क्लर्जी हाउस टिकले ते ओकच्या मजबुतीइतकेच या सोयीमुळे. जुने घर दुरुस्त करायला निघालेल्याने आधी ते कशाचे आणि कसे बांधले आहे, हे पाहावे. सिमेंटची गोणी त्यानंतर, आणि बहुतेक वेळा तिची गरजच पडणार नाही.