पाथरवटांची पोरे

काही चित्रपट ठरावीक वयातच पाहावयाचे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. मिसरूड फुटण्याच्या वयाचा नायक, गर्विष्ठ प्रतिस्पर्धी आणि शेवटी एक शर्यत, एवढ्या साहित्यावर उभ्या राहिलेल्या चित्रपटांना तर हा नियम हमखास लावला जातो. 'ब्रेकिंग अवे' हा १९७९ सालचा अमेरिकन चित्रपट आपल्याकडील बहुतेकांच्या हातून त्या वयात निसटला. त्यातील सायकलशर्यत मात्र पुष्कळांना ओळखीची वाटेल. १९९२ च्या 'जो जीता वही सिकंदर'शी तिचे असलेले साम्य लपण्याजोगे नाही. त्या हिंदी चित्रपटावर वाढलेला प्रेक्षक चाळिशी उलटल्यावर या जुन्या चित्रपटाकडे प्रथमच वळतो, तेव्हा मोठी चमत्कारिक गोष्ट घडते. त्याचे लक्ष शर्यतीवर राहत नाही; ते नायकाच्या बापावर खिळते.

कथा घडते ती इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या विद्यापीठाच्या गावी. या भागात चुनखडीच्या उत्तम दगडाच्या खाणी आहेत. न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उभी राहिली, तिला हाच दगड लागला. विद्यापीठाच्या वास्तूही त्याच्याच. पुढे काच, पोलाद व काँक्रीट आले आणि घडीव दगडाची मागणी ओसरली. चित्रपटातील चार मित्र पाथरवटांची पोरे. शाळा संपून वर्ष झाले, कॉलेजात जावयाचे नाही, धड नोकरी नाही. पडीक खाणीत साचलेल्या पाण्यात डुंबणे हा त्यांचा उद्योग. विद्यापीठातील विद्यार्थी त्यांना 'कटर्स' म्हणून हिणवतात. वस्तुतः यांच्यापैकी एकानेही दगडाला टाकी लावलेली नाही. बापाचा धंदा वारशात आला नाही, शिवी तेवढी आली.

नायक डेव्ह हा इटालियन सायकलपटूंच्या नादाने इतका झपाटलेला, की तो इटालियन ढंगाने बोलतो आणि मांजराला 'फेलिनी' म्हणून हाका मारतो. ही गंमत कोणत्याही वयात भावेल. परंतु त्याचा मित्र माइक विद्यापीठाच्या फुटबॉल-मैदानाकडे पाहत म्हणतो, की तेथे दरवर्षी नवा तारा उगवेल, खेळणारे तेवढ्याच वयाचे राहतील आणि आपण मात्र म्हातारे होत जाऊ. विशीतला प्रेक्षक हे वाक्य ऐकून सोडून देतो. चाळिशीतल्याला ते लागते.

बाप आरंभी विनोदी पात्र म्हणूनच येतो. तो आता जुन्या मोटारी विकतो, आणि गिऱ्हाईके कोण, तर हेच विद्यार्थी. एके रात्री तो मुलाबरोबर विद्यापीठाच्या आवारात हिंडतो. या इमारतीचा दगड आपण घडवला, त्याचा आपल्याला अभिमान होता, असे तो सांगतो. पण काम पुरे झाले आणि ती वास्तू जणू आपल्यासारख्यांच्या योग्यतेची उरली नाही. कोणी मज्जाव केला नव्हता. पाऊलच अवघडू लागले. मग तो विचारतो, तुम्ही पोरे अजून खाणीत पोहता का? होकार मिळताच उमगते, की वीस वर्षांच्या श्रमातून पोराच्या वाट्याला काय आले, तर जमिनीतील खड्डे. श्रम आणि श्रमाचे फळ यांची ताटातूट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पानेच्या पाने व्यापते. येथे दोन-तीन मिनिटांत, कसलाही आवेश न आणता ती समोर उभी राहते. हिंदी चित्रपटातही श्रीमंत कॉलेज आहे, साधे कॉलेज आहे आणि कॅफे चालवणारा बाप आहे; पण ती वास्तू कोणाच्या हातांनी बांधली, हा प्रश्नच तेथे निघत नाही. उरते ती केवळ पैशाची तफावत.

पटकथालेखक स्टीव्ह टेसिच युगोस्लाव्हियात जन्मले, मुलगेपणी इंडियानात आले, आणि १९६२ साली विद्यापीठाची 'लिटल ५००' ही शर्यत जिंकणाऱ्या संघात होते. एका सायकलवर चौघांनी आळीपाळीने दोनशे फेऱ्या पुऱ्या करावयाच्या, अशी ही शर्यत १९५१ साली सुरू झाली ती नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निधी जमवण्याच्या हेतूने. चित्रपटात हा तपशील असता तर! टेसिच यांना या पटकथेसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच. शेवट मात्र जरा सोयीचा आहे. 'कटर्स' जिंकतात आणि डेव्ह विद्यापीठात दाखल होतो. चौघांतील एकाची अशी सोय लागते. माइकचे पुढे काय होणार, हे विचारण्याच्या भानगडीत चित्रपट पडत नाही, आणि त्याच्याच तोंडी तो प्रश्न सर्वांत आधी आला होता.

प्रत्यक्षात 'लिटल ५००' ही विद्यार्थ्यांचीच शर्यत. गावातल्या पोरांचा संघ तीत उतरतो तो चित्रपटात. पुढे १९८४ साली विद्यापीठात खरोखरच 'कटर्स' नावाचा संघ निघाला आणि ही शर्यत त्याने अनेकदा जिंकली. त्यातले सगळे सायकलपटू विद्यार्थी आहेत.