शालेय स्नेहसंमेलनातील नाटक

माध्यमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली सादर केलेले नाटक, नाट्यप्रवेश, एकांकिका किंवा संगीतिका यांना सामान्यपणे शालेय नाटक म्हणतात. महाराष्ट्रात स्नेहसंमेलनाला ‘गॅदरिंग’ असेही म्हटले जाते. ते बहुधा दिवाळीच्या सुटीनंतर, डिसेंबर-जानेवारीत होते. शालेय नाटक आणि बालनाट्य हे प्रकार एकमेकांजवळचे असले तरी एकच नव्हेत. बालनाट्याचा प्रेक्षक मूल असतो आणि त्यात पुष्कळदा प्रौढ नट काम करतात. शालेय नाटकात मात्र मुले नट असतात आणि समोर पालक, शिक्षक व वर्गमित्र बसलेले असतात.

पार्श्वभूमी

मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे केलेल्या ‘सीता स्वयंवर’ या प्रयोगापासून मानला जातो. पुढे या रंगभूमीशी शिक्षकवर्गाचा निकटचा संबंध आला. ‘संगीत शारदा’चे (१८९९) कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांनी काही काळ शिक्षकी केली होती. प्रल्हाद केशव अत्रे हे पुण्यातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. व्यावसायिक रंगभूमीवर नाव मिळवण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘गुरुदक्षिणा’ हे नाटक लिहिले.

१९५९ मध्ये सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’ने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. त्यानंतर मुलांसाठी मुद्दाम लिहिलेल्या नाटकांची संख्या वाढली. विजय तेंडुलकर आणि पु. ल. देशपांडे यांनीही बालनाट्ये लिहिली. त्यामुळे शाळांना पौराणिक व ऐतिहासिक प्रवेशांखेरीज दुसरे पर्याय मिळाले. तरीही शिवकालीन प्रवेशांचे आकर्षण ओसरलेले नाही. कमरेला तलवार लावायला मिळते, हे त्याचे एक साधे कारण असावे.

संहितेची निवड आणि तालीम

संहिता निवडताना शिक्षकाला वाङ्मयीन गुणांइतकाच पात्रसंख्येचा विचार करावा लागतो. मुलांच्या शाळांत स्त्रीभूमिका मुलगे करीत आणि मुलींच्या शाळांत मुली मिशा लावून राजे होत. ही अडचण टाळण्यासाठी ‘स्त्रीपात्रविरहित’ किंवा ‘पुरुषपात्रविरहित’ असे मुखपृष्ठावरच छापलेली छोटी नाटके लिहिली जात, आणि मुलामुलींच्या एकत्र शाळांतही ती बराच काळ वापरात होती.

तालमी शाळा सुटल्यावर, बाके भिंतीकडे सरकवलेल्या वर्गात होतात. प्रथम वाचन, मग पाठांतर, त्यानंतर हालचाली आणि अखेरीस रंगीत तालीम असा क्रम असतो. प्रयोगाच्या दिवशी भाड्याने आणलेले पोशाख नटांच्या मापाचे नसतात, म्हणून टाचण्यांचा मुक्त वापर होतो. मैदानावरील मंडपात आवाज मागपर्यंत पोहोचत नाही. रंगमंचाच्या पुढे ध्वनिक्षेपक ठेवले की सर्व पात्रे त्यांच्याभोवती गोळा होतात आणि हालचालींची सगळी योजना कोसळते. त्यामुळे अनुभवी शिक्षक ध्वनिक्षेपकांच्या जागा आधी ठरवतात आणि हालचाली नंतर बसवतात.

विंगेत उभा राहून संवाद सांगणारा विद्यार्थी हा या व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित घटक होय. सबंध नाटक पाठ असलेला तो बहुधा एकटाच असतो. ऐन वेळी कोणी आजारी पडल्यास त्यालाच उभे केले जाते.

भूमिका आणि भाषा

शालेय नाटकातील सर्वांत नाजूक प्रश्न भूमिकावाटपाचा आहे. उच्चार ‘शुद्ध’ असलेल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी मुख्य भूमिका मिळतात. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला नोकर, चोर किंवा हास्यपात्र येते. शुद्ध उच्चाराचा आग्रह अनाठायी नाही, कारण प्रमाण भाषेतील संवाद स्पष्टपणे म्हणता येणे हे शिक्षणाचे एक अंग आहेच. परंतु बोली केवळ हशा पिकवण्यासाठी वापरली, की त्या बोलीचे मूल वर्गातही गप्प बसू लागते. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणीला मुख्य रंगभूमीवर मानाची जागा मिळवून दिली. त्यातही विनोद भरपूर आहे, पण पौराणिक नाटक बसवू पाहणारा सारा गावच तेथे नायक असल्याने ती बोली कोणाच्या तुलनेत हीन ठरत नाही.

रत्नाकर मतकरी यांनी २०१४ पासून ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम चालवला. त्यात वस्त्यांमधील मुलांनी आपल्याच अनुभवांवर नाटिका रचून सादर केल्या. शाळांतही तयार संहितेऐवजी मुलांच्या बोलण्यातून नाटक उभे केल्यास भूमिकावाटपाचा पेच पुष्कळ सैल होतो. मात्र त्यास वेळ अधिक लागतो, आणि शाळेजवळ तोच नसतो.

संगीत व नृत्य

पूर्वी पेटी-तबल्याच्या साथीने मुले स्वतः गात. नांदी, पोवाडा, भारूड व समूहगीते ही कार्यक्रमाची नेहमीची अंगे होती. आता ध्वनिमुद्रित चित्रपटगीतांवरील समूहनृत्यांनी बरीच जागा व्यापली आहे. नृत्यात एका वेळी तीस-चाळीस मुले रंगमंचावर येऊ शकतात आणि प्रत्येक पालकाला आपले मूल दिसते. नाटकाला हे साधत नाही. नृत्याचा हा फायदा मान्य करावा लागतो. पण मुलाचा स्वतःचा आवाज या बदलात कार्यक्रमातून गेला आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये संगीत, नृत्य व दृश्यकला यांच्याबरोबर नाट्यकलेलाही शालेय शिक्षणात स्थान देण्याची शिफारस आहे. प्रत्यक्षात दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेमुळे स्नेहसंमेलनातील नाटकापासून बहुधा दूर ठेवले जाते. त्यामुळे मुख्य भार आठवी-नववीवर पडतो.

लेखकाचे हक्क

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात तेथील विद्यार्थी व कर्मचारी यांनी केलेला नाट्यप्रयोग हक्कभंग ठरत नाही. मात्र प्रेक्षक हे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती इतकेच असावे लागतात. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी तिकीट लावून तोच प्रयोग केल्यास ही सवलत लागू होत नाही, आणि लेखकाची किंवा हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी लागते.