आधी भरा, मग भांडा

सोलापुरात घरपट्टीवर कुरकुर सगळेच करतात, पण रीतसर अपील करणारा शोधावा लागतो. सोलापूरकर सोशिक आहेत म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. खरं कारण कायद्यातच आहे आणि ते बरंच जुनं आहे.

नगरपालिका १८५२ सालची. पुढे १९२५ च्या म्युनिसिपल बरो कायद्याच्या काळात आकारणीवरची हरकत स्थायी समितीपुढे जाई. समितीवरचे लोक पेठांतलेच. कुणाच्या वाड्याची माडी पडायला आलीय हे त्यांना ठाऊक असे. वाडा कुणाचा आहे हेही ठाऊक असे, हा भाग वेगळा. तिथे समाधान झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. मात्र १५ दिवसांच्या आत, आणि बिलाची रक्कम आधी कचेरीत जमा करून.

१ मे १९६४ ला महानगरपालिका झाली आणि १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा लागू झाला. हरकती ऐकायचं काम आयुक्तांकडे, म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे गेलं. आकारणी ज्या खात्याची, सुनावणीही त्याच खात्याची. तिथे निभाव लागला नाही तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायाधीश, त्यावर जिल्हा न्यायालय. ऐकणारे बदलले, १५ दिवस तेच राहिले. बिल निघाल्यावर अपील करायचं तर पैसेही आधीच भरायचे. अहमदाबादच्या अनंत मिल्सने गुजरातेत याच कलमाला आव्हान दिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अट कायम ठेवली. अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलेला, तेव्हा कायदा त्याला अटही घालू शकतो, असा निर्वाळा दिला. तर्क बिनतोड आहे. पण मिलला जी रक्कम चिल्लर, ती विडी वळणाऱ्या बाईला वर्षाची शिल्लक असते.

मुळात वाद असतो एका आकड्याचा. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, राहिलं ते करयोग्य मूल्य. समजा, ६०० चौरस फुटांचा फ्लॅट, दर महिना फुटाला ३ रुपये. वर्षाचे २१,६०० होतात, वजावटीनंतर १९,४४० राहतात. हिशेब शाळकरी पोरही करील. पण ते ३ रुपये आले कुठून, हे विचारायला सुनावणीला जावं लागतं.

या प्रश्नाने गावाचे दोन भाग केले. भाडेनियंत्रणामुळे जुन्या वाड्यांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली होती, आणि कराचं मूल्य त्या प्रमाणित भाड्याच्या वर नेता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं. त्यामुळे शुक्रवार पेठेतल्या भाडेकरू असलेल्या वाड्याला नाममात्र कर, आणि १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या शेळगी, बाळे, सोरेगावकडच्या नव्या घराला भरघोस. पाणी चार दिवसांनी, रस्ता कच्चा, बिल मात्र पक्कं, ही हद्दवाढ भागाची तक्रार म्हणूनच जुनी आहे. पूर्व भागात गोष्ट आणखी वेगळी: पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. ते घर राहतं धरायचं की कारखाना, यावर दर ठरतो. मोजायला आलेला माणूस मागाचा खडखडाट ऐकूनच काय ते लिहून टाकतो, असं तिथले लोक म्हणतात.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले, आणि पुढची निवडणूक होईपर्यंत 'जरा साहेबांना सांगा की' म्हणायला नगरसेवकही नव्हता. अपिलाच्या भानगडीत पडण्यापेक्षा लोक बिल बाजूला ठेवून देतात. महिन्याला २ टक्के शास्ती चढते. अधूनमधून अभय योजना किंवा लोकअदालत येते आणि शास्तीचा बराच भाग माफ होतो. ज्यावर वाद होता त्या करयोग्य मूल्याला तिथे कुणी हात लावत नाही. पुढचं बिल त्याच आकड्यावर निघतं. आणि ज्याने मुदतीत पैसे भरून अपील केलं, त्याला माफ करण्यासारखी शास्तीच नसते.