शिवनेरीच्या कड्यावरील शिवसुमन

आळेफाट्याची चौफुली आपल्या सर्वांच्या पायाखालची आहे. तेथून जुन्नरची वाट धरली की शिवनेरी नजरेस पडतो. गडावरचे शिवजन्मस्थान आपण भक्तिभावाने पाहतो. पण त्याच गडाच्या कातळावर एक दुर्मिळ वनस्पती राहते, तिची ओळख फार थोड्यांना असते. तिचे नाव शिवसुमन. शिंदळ माकुडी हे तिचे गावरान नाव.

इंग्रजी अमदानीत डालझेल या वनाधिकाऱ्याने जुन्नरच्या डोंगरांतून तिची नोंद केली. १८६५च्या सुमारास तिचे वर्णन छापले गेले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हे शास्त्रीय नाव तिला मिळाले. साऱ्या जगात ही वनस्पती रानात आढळते ती फक्त महाराष्ट्रात. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्याच जागी.

ही रुईच्या कुळातली. खोड मांसल, फांद्या कपारीतून खाली लोंबणाऱ्या. पावसाळ्यात पाने येतात. उन्हाळ्यात ती गळतात आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर झाड तग धरते. फूल चांदणीसारखे, पाच पाकळ्यांचे, गर्द जांभळट तांबडे, त्यावर पिवळे ठिपके. त्याच्या उग्र वासाने माशा येतात व परागीकरण करतात. पुढे शेंग तडकते, म्हातारीसारखे बी वाऱ्यावर उडते, आणि एखादेच कपारीत अडकून रुजते.

आता तुम्ही विचाराल, फांदी लावली तरी हे झाड जगते, मग कुंडीत वाढवावे, काळजी कशाची? याचे उत्तर उसाच्या शेतात आहे. एकाच उसाची कांडी लावून फड केला, तर सारा फड एकाच गुणाचा होतो. रोग पडला की सगळ्यालाच लागतो. बियांपासून आलेले प्रत्येक रोप मात्र थोडे निराळे असते. हे निराळेपण टिकते ते कड्यावर. बागेतली रोपे ही अडीअडचणीची शिल्लक. मूळ भांडवल डोंगरावरच आहे. आणि तेथे एक दरड कोसळली, किंवा शेळ्यांनी कोवळे शेंडे खुडले, तरी ते घटते.

म्हणून गुरुजनांना विनंती, सहलीत मुलांना हे फूल लांबूनच दाखवा, फांदी तोडू देऊ नका. गुराखी बांधवांनी शेळ्या त्या कपारींपासून दूर ठेवाव्यात, गवताला आग लागू देऊ नये. गडाचे चिरे आपण जपतो, तसेच त्या चिऱ्यांशेजारचे हे फूलही जपू या.