दुखायचं राहून गेलं : मुराकामीच्या तीन कथा आणि 'ड्राइव्ह माय कार'

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे हेडफोन घरी विसरून ट्रेनमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'काय म्हणतात त्याला' वगैरे निघालं होतं ते बरंचसं काढून टाकलंय. सगळं नाही काढलं, नाहीतर मी बोलतोय असं वाटणारच नाही.

आजचा विषय : तीन जपानी कथा आणि एक जपानी सिनेमा. आधीच सांगतो, शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. स्पॉयलरची ॲलर्जी असेल तर हे सेव्ह करून ठेवा, सिनेमा बघा आणि मग या.

सिनेमा आहे 'ड्राइव्ह माय कार'. दिग्दर्शक ऱ्यूसुके हामागुची. २०२१ साली कानमध्ये याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर. लांबी १७९ मिनिटं. म्हणजे एका मिनिटाने तीन तास कमी. आणि ज्या कथेवरून हा सिनेमा काढला, ती हारुकी मुराकामीची कथा तुम्ही एका बैठकीत वाचून संपवाल. मग एवढ्याशा कथेचे तीन तास कसे झाले?

मला वाटलं होतं, दिग्दर्शकाने मनाने भर घातली असणार. मग पुस्तक वाचलं. 'मेन विदाउट विमेन', २०१४ चा कथासंग्रह. तेव्हा लक्षात आलं की सिनेमात एक नाही, त्या संग्रहातल्या तीन कथा आहेत : 'ड्राइव्ह माय कार', 'शेहेराझाद' आणि 'किनो'. त्या नुसत्या जोडलेल्या नाहीत. हामागुचीने तिन्ही कथांमध्ये एकच दुखणं ओळखलंय. ते दुखणं काय, तेवढंच आज सांगायचंय.

तीन कथा, थोडक्यात

पहिली 'ड्राइव्ह माय कार'. काफुकु हा नाटकातला नट. डोळ्यात काचबिंदू निघालाय, म्हणून त्याच्या पिवळ्या साब गाडीसाठी ड्रायव्हर ठेवावा लागतो. ती मिसाकी, चोवीस वर्षांची, कमी बोलणारी, गाडी मात्र अशी चालवते की गिअर कधी बदलला ते कळत नाही. काफुकुची बायको कॅन्सरने गेलीय. ती हयात असताना तिचे इतर पुरुषांशी संबंध होते आणि हे काफुकुला माहीत होतं. त्याने तिला कधीच विचारलं नाही. ती गेल्यावर त्यातल्याच एकाशी, ताकात्सुकी नावाच्या नटाशी, हा मुद्दाम मैत्री करतो. बारमध्ये बसतो, पितो, गप्पा मारतो. म्हणजे बघा, स्टेजवर नट आणि घरीही नटच.

दुसरी 'शेहेराझाद'. हाबारा नावाचा माणूस एका घरात अडकून आहे, बाहेर पडू शकत नाही. का, ते मुराकामी सांगत नाही. एक विवाहित बाई आठवड्यातून दोनदा येते, किराणा आणते, त्याच्यासोबत झोपते आणि मग गोष्ट सांगते. म्हणून त्याने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलंय शेहेराझाद, अरबी सुरस कथांमधली. ती शाळेत असताना आवडत्या मुलाच्या रिकाम्या घरात चोरून शिरायची. तिथून त्याची पेन्सिल वगैरे उचलायची आणि आपलं काहीतरी ठेवून यायची. गोष्ट पुढे जाते आणि अर्धवट थांबते. हाबाराला वेगळीच भीती : ही उद्या आलीच नाही तर?

तिसरी 'किनो'. हा बूट विकणाऱ्या कंपनीत कामाला. एकदा टूरवरून ठरल्यापेक्षा एक दिवस आधी घरी येतो आणि बायकोला आपल्याच सहकाऱ्यासोबत बेडरूममध्ये बघतो. दार लावतो, निघून जातो. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नोकरी सोडून टोकियोत छोटा बार टाकतो. जॅझच्या रेकॉर्ड्स, एक करडं मांजर, सगळं निवांत. मग मांजर नाहीसं होतं, बाराभोवती साप दिसायला लागतात. एक गिऱ्हाईक त्याला सांगतं की बार बंद कर आणि लांब निघून जा. तू चुकीचं काही केलं नाहीस, पण जे करायला हवं होतं तेही केलं नाहीस, असा त्याच्या बोलण्याचा रोख. शेवटी कुमामोतोच्या एका हॉटेलात, रात्री दारावर टकटक ऐकत असताना किनोला कळतं : ज्या क्षणी दुखायला हवं होतं त्या क्षणी आपण दुखू दिलं नाही.

माझ्या मते तिन्ही कथांची किल्ली इथे आहे.

एम्प्टी कॅच ब्लॉक

मी दिवसा कोड लिहितो, त्यामुळे मला हे कोडमधूनच समजलं. प्रोग्राममध्ये काही बिघडलं की एरर फेकली जाते. ती पकडून नीट हाताळायची असते. पण डेडलाइन आली की आपल्यातलेच काही लोक एरर पकडतात आणि आत काहीच लिहीत नाहीत. रिकामा कॅच ब्लॉक. वरून सगळं छान दिसतं, ॲप क्रॅश होत नाही, मॅनेजर खूश. फक्त आतला डेटा चुकीचा झालेला असतो. तीन महिन्यांनी भलत्याच ठिकाणी काहीतरी फुटतं आणि कोणालाच कळत नाही की मूळ कुठे आहे.

किनोचे साप म्हणजे तेच तीन महिन्यांनंतरचं फुटणं. काफुकुही तसाच, फक्त तो नट असल्यामुळे रिकामा ब्लॉक जास्त सफाईने लपवतो. आणि हाबारा? ज्या बाईला तो गमावायला घाबरतो, तिला स्वतःचं असं काहीच सांगत नाही. तो फक्त ऐकतो.

तिघंही वाईट नाहीत. तिघंही समजूतदार, शांत, आदब सांभाळणारे. आपल्याकडे अशा मुलाला 'मॅच्युअर आहे हो' म्हणतात. मुराकामी म्हणतोय की ही मॅच्युरिटी नाही, हे पळणं आहे. फक्त आवाज न करता केलेलं.

सिनेमाने हे कसं शिवलं

आता हामागुचीचं कौशल्य बघा. सिनेमात काफुकुची विमानाची फ्लाइट रद्द होते, तो घरी परततो आणि बायकोला एका तरुणासोबत आरशात बघतो. मग आवाज न करता बाहेर पडतो. हा प्रसंग 'ड्राइव्ह माय कार' कथेत नाही, तो 'किनो'मधला आहे. त्यावर हामागुची स्वतःची भर घालतो. त्याच रात्री काफुकु हॉटेलमधून बायकोला व्हिडिओ कॉल करतो आणि आपण व्लादिवोस्तोकला पोचलोय असं भासवतो. फसवणूक तिची झाली की त्याची, हेच कळेनासं होतं.

कथेतल्या बायकोला नाव नाही. सिनेमात तिचं नाव ओतो, जपानीत याचा अर्थ 'आवाज'. ती टीव्हीसाठी पटकथा लिहिते, आणि गोष्टी तिला सुचतात शरीरसंबंधांनंतर. चोरून मुलाच्या घरात शिरणाऱ्या मुलीची गोष्ट तीच सांगते. म्हणजे ही शेहेराझाद. सकाळी तिला काही आठवत नाही, मग काफुकु तिला तिचीच गोष्ट परत सांगतो. या नवरा-बायकोमध्ये खरं बोलणं फक्त गोष्टीतून होतं.

मग एका सकाळी ओतो विचारते, रात्री आल्यावर बोलूया का? काफुकु दिवसभर उगीच गाडी फिरवत राहतो, मुद्दाम उशिरा येतो. घरात ती जमिनीवर पडलेली असते. मेंदूत रक्तस्राव. सिनेमाची चाळीसेक मिनिटं झालेली असतात आणि आत्ता कुठे श्रेयनामावली पडद्यावर येते.

कथेत बायको कॅन्सरने जाते, म्हणजे विचारायला वेळ होता आणि तो विचारत नाही. सिनेमात ती विचारते आणि तो टाळतो. बदल छोटा वाटतो, पण कथेतली खंत सिनेमात अपराध होते.

मागची सीट

पुढचा सिनेमा हिरोशिमात. काफुकु तिथे चेकॉव्हचं 'अंकल वान्या' बसवतोय. नट जपानी, मँडरिन, कोरियन सांकेतिक भाषा अशा आपापल्या भाषेत बोलणार. तालमीत तो सगळ्यांना आठवडे न् आठवडे नुसतं सपाट वाचायला लावतो. भावना नको, फक्त शब्द. गंमत म्हणजे वान्याची भूमिका तो स्वतः करायला तयार नाही. चेकॉव्हचे शब्द बोलले की आतलं खरं बाहेर ओढलं जातं, ही त्याची भीती. म्हणून वान्या देतो कोणाला? ताकात्सुकीला. आणि गाडीत ओतोच्या आवाजातली कॅसेट रोज चालू असते. ती बाकीच्यांचे संवाद म्हणते, मध्ये वान्याच्या ओळींसाठी जागा सोडते, आणि हा त्या जागा भरतो. मेलेल्या बायकोशी रोज संवाद, पण पाठ केलेला.

सिनेमाचा सर्वात भारी सीन गाडीच्या मागच्या सीटवर घडतो. रात्र आहे, मिसाकी चालवतेय. ताकात्सुकी त्या चोरट्या मुलीच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगतो, जो काफुकुने कधी ऐकलाच नव्हता : घरात एक खरा चोर शिरतो आणि ती मुलगी त्याला ठार करते. 'शेहेराझाद' कथा जिथे अर्धवट सुटते, तिथून सिनेमा पुढे जातो. मग ताकात्सुकी जे म्हणतो ते मूळ 'ड्राइव्ह माय कार' कथेतही आहे. माझ्या शब्दांत : दुसऱ्याच्या मनात कितीही प्रेमाने डोकावलं तरी पूर्ण दिसणार नाही, निदान स्वतःच्या मनात तरी नीट बघावं. कथेत तो हे बारमध्ये बोलतो, सिनेमात चालत्या गाडीत, जिथून उठून जाता येत नाही. तो उतरल्यावर काफुकु पुढे मिसाकीशेजारी येऊन बसतो. दोघं सिगारेट पेटवतात आणि हात गाडीच्या छतातून वर काढतात. कथेतल्या पिवळ्या कन्व्हर्टिबलच्या जागी लाल, छताची गाडी का घेतली याची बाकी कारणं असतील. मला एवढं दिसतं की बंद गाडीमुळे ते छतातून निघालेले दोन हात मिळाले.

कथा थांबते तिथे

मुराकामीच्या कथा दारापाशी थांबतात. किनो खोलीत एकटा रडतो. काफुकु गाडीत डोळे मिटतो. हाबारा वाट बघत राहतो. दुखणं कळलं, पण सांगायला समोर कोणी नाही.

सिनेमात समोर मिसाकी आहे, आणि तिच्याकडेही ओझं आहे. कथेत तिची आई दारू पिऊन गाडी चालवताना अपघातात जाते. सिनेमात दरड कोसळून घर गाडलं जातं, मिसाकी बाहेर निघते आणि आई आत असताना मदत बोलवत नाही. दोघं हिरोशिमाहून होक्काइदोपर्यंत गाडीने जातात, बर्फात त्या पडक्या घरापाशी उभे राहतात, आणि तिथे काफुकु किनोचा निष्कर्ष मोठ्याने बोलतो : मला नीट दुखायला हवं होतं. परत येऊन तो वान्या स्वतः करतो. ताकात्सुकीला तोवर अटक झालेली असते. शेवटी सोन्या झालेली नटी काफुकुच्या मागे उभी राहून त्याच्याभोवती हात आणून, हातांच्या खुणांनी त्याला सांगते की जगत राहायचं. थिएटरमध्ये आवाज नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आवाजामागे लपून काढलं, त्याला शेवटचं वाक्य निःशब्द मिळतं.

तक्रार एकच. बर्फातला तो सीन जरा जास्त स्पष्ट बोलतो. मुराकामी तेच अंधाऱ्या खोलीत टकटक ऐकवून सांगतो आणि अंगावर काटा येतो. पण कथेत जे एकट्याला कळतं ते सिनेमात दोघांमध्ये बोललं जातं, आणि त्यासाठी थोडं जास्त बोलावं लागलं, असं मी समजून घेतो.

हे माझ्या डोक्यात का बसलं

गेल्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिने फोनवर विचारलं होतं, 'आज रात्री जरा बोलूया का?' आमचं रिलीज चालू होतं. मी म्हणालो, रविवारी निवांत बोलू. खरं सांगायचं तर रिलीजचं काम संध्याकाळीच संपलं होतं. काहीतरी बिनसलंय हे मला कळत होतं, म्हणूनच मी टाळलं. रविवारी ती बोलली, पण तोवर तिचं ठरलं होतं.

सोमवारी मी कामावर हजर. टीममध्ये सगळे म्हणाले, काय स्ट्राँग आहे हा. आई म्हणाली, 'अरे, एकदा रडून तरी घे.' मी म्हणालो, 'मी ठीक आहे गं.' आठ महिन्यांनी हा सिनेमा बघताना, ओतो 'बोलूया का' म्हणाली तिथे मी लॅपटॉप बंद केला. उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी बघितला. आणि त्या रात्री आईला फोन केला. काही शहाणपणाचं बोललो नाही. ती ऐकत होती, एवढंच.

तर मंडळी, क्रम विचाराल तर आधी 'किनो' वाचा, मग सिनेमा बघा, मग उरलेल्या दोन कथा. सिनेमा तुकड्यांत बघितला तरी चालेल, पण मागच्या सीटचा सीन मध्ये तोडू नका. आणि तुम्हाला कोणी 'रात्री बोलूया का' असा मेसेज टाकून ठेवला असेल, तर पुढचा एपिसोड नंतर ऐका. आधी त्याला उत्तर द्या.

भेटू पुढच्या भागात.