आई गेलेल्या पिल्लाला जंगलात जागा कुठे?

वाघ-बिबट्यांवर आम्ही कुठेही बोलायला उभे राहिलो, की शेवटी एक प्रश्न येतोच: आईविना वाढलेल्या वाघाला शिकार कोण शिकवणार? प्रश्न रास्त आहे. पण खरी अडचण तिथे नाही, असं आमचं मत आहे.

घरातलं मांजराचं पिल्लू दोऱ्याच्या गुंड्यावर झडप घालतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. वाघाचंही तसंच. दबा धरणं, उडी मारणं उपजत असतं. आईबरोबरच्या दीड-दोन वर्षांत त्यात सफाई येते. आई नसेल तर जंगलाच्याच एका तुकड्याला भक्कम कुंपण घालून पिल्लाला तिथे वाढवतात आणि आत जिवंत चितळ सोडतात. सुरुवातीला फसतं, मग जमतं.

जपायची असते ती माणसाची भीती. माणसाच्या हातून खायला मिळत गेलं, की माणूस दिसला म्हणजे जेवण आलं, हे डोक्यात पक्कं बसतं. असा वाघ उद्या गावाच्या वेशीवर आला, तर तो ओळखीने आला की भुकेने, हे विचारत कोण बसणार? म्हणून सगळी देखरेख आडोशाआडून, कॅमेऱ्यातून करायची. लाड नाहीत. बघणाऱ्याला हे निर्दय वाटतं, पण त्यातच पिल्लाचं हित असतं.

एवढं सगळं साधलं, तरी सोडायचं कुठे? मध्य प्रदेशातल्या पन्ना प्रकल्पात 2009 पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघ आणून तो पुन्हा वसवला गेला, आणि 2011 मध्ये तिथे कान्हाच्या कुंपणात वाढलेल्या दोन अनाथ वाघिणी सोडल्या, टी-4 आणि टी-5. आईविना वाढलेल्या टी-4 ने तिथे स्वतः शिकार केली आणि पुढे तिला पिल्लंही झाली. पन्नात भक्ष्य होतं आणि मुख्य म्हणजे जागा मोकळी होती.

आता आपल्याकडचं उदाहरण. यवतमाळच्या पांढरकवड्याची अवनी नोव्हेंबर 2018 मध्ये मारली गेली. (त्या वादात आज शिरत नाही, त्याला वेगळं व्याख्यान लागेल.) तिची मादी पिल्लू पुढच्याच महिन्यात पकडून पेंचमध्ये आणली. कुंपणात दोनेक वर्षं वाढवून मार्च 2021 मध्ये, गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला जंगलात सोडलं. काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली. जखमी अवस्थेत तिला नागपूरला गोरेवाड्याला हलवलं, पण त्याच महिन्यात ती गेली. ज्या जंगलात ती उतरली, ते आधीच कुणाचं तरी होतं. आईच्या हद्दीच्या कडेकडेने सरकत तरुण वाघीण जागा शोधते, तशी सवड हिला मिळालीच नाही.

बिबट्याच्या पिल्लांबाबत मात्र आपल्या हातात बरंच काही आहे. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात आणि ‘अनाथ’ म्हणून उचलली जातात. बहुतेकदा ती अनाथ नसतातच. माणसांचा गलका ऐकून आई बाजूला झालेली असते. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्यक पिल्लाची तपासणी करतात आणि अंधार पडताना सापडल्या जागीच त्याला खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात. सगळे लांब जातात. रात्री आई येते, मानेला धरून पिल्लू उचलते आणि निघून जाते. कॅमेऱ्यात हे अनेकदा टिपलं गेलंय. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

तेव्हा फडात पिल्लू दिसलं, तर तेवढी तोड थांबवायची, पिल्लासोबत फोटो काढत बसायचं नाही आणि वन विभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करायचा. आई जवळपासच असते, म्हणून आपणही तिथे रेंगाळायचं नाही.